ट्राउटमनचं स्वस्तातलं पिस्तूल

लॉवेल ट्राउटमनला आयुष्यात कुणी फसवलं नव्हतं! निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. चौतीस वर्षं त्यानं आमच्या खोऱ्यात टपाल वाटलं. पेटीत पाकीट टाकतानाच तो सांगायचा, आज या घरात भांडण होणार, उद्या त्या घरात रडारड. आणि तसंच व्हायचं! असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की त्याच्या हुशारीला करायला काही उरत नाही. मग ती नको तिथे जाते.

लॉवेलची हुशारी गेली शस्त्रांच्या बाजारात.

आता यामागे मूळ कारण होतं त्याचा मेहुणा ड्वाइट. ड्वाइट हेन्स्ली, म्हणजे लॉवेलच्या बायकोचा, आर्लीनचा धाकटा भाऊ. ड्वाइटच्या तळघरात एक पोलादी कपाट आहे, आमच्या गावच्या बँकेच्या तिजोरीपेक्षा मोठं. त्यात एकेक पिस्तूल हजार-दीड हजार डॉलरचं, मखमलीवर झोपवलेलं! सणासुदीला सगळे जेवायला जमले की ड्वाइट पाहुण्यांना खाली नेऊन एकेक दाखवणार, आणि लॉवेलकडे वळून हमखास म्हणणार, "तू हात लावू नकोस हं पोस्टमास्तर, बोटांचे ठसे उमटतात!"

हे लॉवेलनं अकरा वर्षं ऐकून घेतलं. बाराव्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, त्यानं आरशासमोर टोपी नीट केली आणि स्वतःलाच बजावलं, "ड्वाइटच्या निम्म्या किमतीत नाही, चौथाईत घेतो! आणि त्याच्या नाकावर टिच्चून उडवून दाखवतो!"

पैसे होते. म्हणजे, होते ते कानाचे होते. टपालाच्या गाडीला चालक उजवीकडे बसतो आणि पेट्यांत टपाल टाकायला खिडकी बाराही महिने उघडी. चौतीस हिवाळ्यांचा वारा एकाच कानात गेल्यावर त्या कानानं काम सोडलं होतं. डावा अधूनमधून हजेरी लावायचा. आर्लीननं अडीचशे डॉलर पाकिटात घालून लॉवेलच्या हातात दिले होते आणि कान तपासून यायला सांगितलं होतं.

"कान काय, आज बंद आहेत, उद्या उघडतील!" लॉवेल मनाशी म्हणाला. "पिस्तूल मात्र आजच मिळेल!"

जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, जिथे उन्हाळ्यात गाईंच्या स्पर्धेचे निकाल लागतात, तिथे शस्त्रांचा बाजार भरला होता. लॉवेल सगळी टेबलं ओलांडून थेट शेवटच्या कोपऱ्यात गेला, कारण स्वस्त माल नेहमी कोपऱ्यात असतो. तिथे पांढऱ्या दाढीचा एक विक्रेता कागदी वाडग्यातलं तिखट मटण-राजमा चमच्यानं ओरपत बसला होता. समोर खोक्यात दहा-बारा पिस्तुलं, पिवळट तपकिरी ग्रीसनं लडबडलेली. मधाच्या पिंपात पडून मेलेल्या उंदरांसारखी दिसत होती!

"कुठली ही?"

"हंगेरीची. तिकडच्या पोलिसांनी नवी घेतली, जुनी ग्रीसमध्ये बुडवून गोदामात टाकली. चाळीस वर्षं अशीच पडून होती."

"चालतात?"

"लग्नानंतर चाळीस वर्षांनी माणूस चालतो तशी! जरा उठवावी लागतात." म्हाताऱ्यानं चमचा चाटला. "दोनशे चाळीस."

"दोनशे!"

"दोनशे दहा. गोळ्या भरायची दोन मॅगझिन फुकट. तुझा चेहरा प्रामाणिक दिसतो म्हणून!"

लॉवेलनं फॉर्म भरला. म्हाताऱ्यानं फोनवरून सरकारी चौकशी केली, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं की लॉवेल ट्राउटमन या इसमाविरुद्ध देशात काहीही नाही. लॉवेलची छाती दोन इंच फुगली. घरात त्याच्याविरुद्ध किती काय काय होतं, ते सरकारला कुठं ठाऊक!

पिस्तूल कागदात गुंडाळताना म्हाताऱ्यानं बोट उगारून काहीतरी सविस्तर सांगायला सुरुवात केली. नेमकं त्याच वेळी कर्ण्यातून सुक्या मांसाच्या पाकिटांची सोडत जाहीर होऊ लागली! लॉवेलला म्हाताऱ्याची दाढी हलताना दिसली. मधेच "नळी साफ" एवढं ऐकू आलं. शेवटी म्हाताऱ्यानं विचारलं, "समजलं ना?"

बहिऱ्या माणसाची एक खास मान असते. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला ती ठासून होकार देते. लॉवेलनं ती मान हलवली.

म्हाताऱ्यानं काय सांगितलं होतं, ते पुढे आम्हा सगळ्यांना कळलं. तो म्हणाला होता, "नळी साफ करणं सोपं. पण गोळीच्या बुडावर आपटणारी जी पिन आहे, तिच्या भोकातलं ग्रीस काढल्याशिवाय एकही गोळी भरू नकोस. पिन पुढे अडकून बसली, तर तू चाप ओढायची वाट ते बघणार नाही!"

बुधवारी आर्लीन चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली, आणि लॉवेलनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. फडकं, टूथब्रश, गरम पाणी, सगळं झालं. ग्रीस हटेना! बोटांना चिकटलं, नळाला चिकटलं, भुवईला चिकटलं. पिस्तुलाचं मात्र जिथल्या तिथं! मग लॉवेलच्या डोक्यात वीज चमकली. ग्रीस वितळतं! त्यानं आर्लीनचा बिस्किटांचा ट्रे काढला, त्यावर पिस्तूल आडवं ठेवलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. कोंबडीला देतो तेवढी आच दिली.

वीस मिनिटांनी घरात असा वास सुटला की ट्रॅक्टर जळतोय! लॉवेलनं खिडक्या उघडल्या, पंखे लावले, दालचिनी उकळत ठेवली. आता दालचिनी घातलेला ट्रॅक्टर जळू लागला. पण पिस्तूल? पिस्तूल बाहेरून लखलखीत निघालं! ग्रीस खाली ट्रेमध्ये निथळलं होतं. आणि थोडं, जिथे जाऊ नये तिथे, आतल्या बारीक भोकात ओघळून थंड होता होता डिंकासारखं घट्ट बसलं होतं. ते बाहेरून दिसत नव्हतं.

आर्लीन घरी आली. दारातच थांबली.

"काय जळलं?"

"टोस्ट!"

"टोस्टला इंजिन होतं?"

"जुना पाव होता," लॉवेल म्हणाला. आर्लीननं त्याच्या तेलकट भुवईकडे बराच वेळ पाहिलं. शुक्रवारी तिनं त्याच ओव्हनमध्ये चर्चसाठी चार 'पाय' भाजले, लाल भोपळ्याचं गोड सारण आणि दालचिनी घातलेले. लॉवेलनं फक्त खिडकी उघडली.

शनिवारी न्याहारीच्या वेळी आर्लीन अंगात कोट चढवता चढवता बरंच काही सांगत होती. ती उभी होती उजवीकडे. लॉवेल अंड्याकडे बघत बहिऱ्याची मान हलवत होता. "चर्च" ऐकू आलं. "दुपारी" ऐकू आलं. बाकीचं सगळं त्या उजव्या कानाच्या बंद दारावर आपटून खाली पडलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं, ऐकलं! तू जा बिनधास्त!"

ती गेली, आणि साडेदहाला लॉवेल ड्वाइटच्या शेतावर हजर झाला.

मका कापून झालेलं शेत, त्याच्या टोकाला ड्वाइटनं नेमबाजीसाठी रचलेला मातीचा बारा फुटी बांध. बांधापलीकडे जमीन उतरत रस्त्याकडे जाते, रस्त्यापलीकडे ओढा, आणि ओढ्यापलीकडे आमचं चर्च; त्याच्या पांढऱ्या लाकडी मनोऱ्यातली घंटा लांबूनही दिसते. बांध एवढा जाड की त्यातून तोफेचा गोळाही जाणार नाही. ड्वाइट घडीची खुर्ची टाकून, कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसला होता.

लॉवेलनं कागद उलगडला.

"हे?" ड्वाइट म्हणाला. "हे पिस्तूल आहे की नळाची तोटी?"

"हंगेरियन पोलिसांचं आहे! दोनशे दहा!"

"हंगेरियन पोलिसांना किती मिळाले, हे तुला देऊन सुटायचे?"

"हस! हस! आत्ता बघ!"

"साफ केलंस ना आतून?"

"भाजून काढलंय!" लॉवेल अभिमानानं म्हणाला. ड्वाइटला वाटलं हा गंमत करतोय. तिथेच त्याचं चुकलं.

लॉवेलनं कानांवर आवाज रोखणाऱ्या जाड टोप्या चढवल्या. आठ गोळ्या भरलेलं मॅगझिन मुठीत बसवलं. पाय फाकवले, दोन्ही हात लांब केले, बांधावरच्या कागदी वर्तुळाकडे नळी रोखली. वरचा सरकता भाग मागे ओढला. चापाजवळही बोट नव्हतं, बरं का! हे त्यानं पुढे शपथेवर सांगितलं आणि ड्वाइटनंही सांगितलं. आता तो भाग सोडायचा, पहिली गोळी नळीत जाईल, मग श्वास रोखायचा, नेम धरायचा, मग चाप...

त्यानं तो भाग सोडला.

ठोऽ! ठो-ठो-ठो-ठो-ठो-ठो-ठो!

दोन सेकंद! दोन सेकंदांत आठही गोळ्या गेल्या! पिस्तूल लॉवेलच्या हातात जिवंत झालं आणि पकडलेल्या बदकासारखं वर वर उसळत गेलं. पहिली गोळी वर्तुळात, दुसरी वर्तुळाच्या वर, पुढच्या मातीत, आणि शेवटच्या तीन? शेवटच्या तीन बांधाच्या माथ्यावरून पलीकडे गेल्या, आणि सगळं संपलं तेव्हा लॉवेलचे हात आभाळाकडे होते, जणू तो स्वर्गाला शरण गेला होता!

मग शांतता. पिस्तुलाच्या तोंडातून धुराची एक रेघ वर निघाली. कानांवरच्या टोप्या लॉवेलच्या गळ्यात येऊन लोंबत होत्या. ड्वाइटची खुर्ची रिकामी होती आणि ड्वाइट तिच्याखाली होता, छातीवर गरम कॉफी घेऊन.

"तू... तू चाप..." ड्वाइट खुर्चीखालून म्हणाला.

"मी काही केलं नाही!" लॉवेल किंचाळला. "मी अजून सुरुवातच केली नव्हती!"

आणि त्याच क्षणी पलीकडून, ओढ्यावरून, अगदी स्पष्ट आवाज आला.

टण्णऽऽऽ!

लॉवेललासुद्धा ऐकू आला.

घंटेचा आवाज शेतावरून लांबत लांबत गेला आणि विरला.

"ड्वाइट," लॉवेल म्हणाला, "आज चर्चमध्ये कोण आहे?"

"मला काय माहीत! आर्लीन तिकडेच गेलीय ना?"

न्याहारीच्या टेबलावर ऐकू आलेला तो एकच शब्द लॉवेलच्या डोक्यात फुटला. चर्च! त्यानं रिकामं पिस्तूल खुर्चीवर ठेवलं आणि पळत सुटला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, मक्याच्या खुंटांवरून असा पळाला की ड्वाइट मागे पडला!

रस्त्यावर पोचला तर समोर ओपल गिंथरबाईंची टपालपेटी. तिच्या पोटात भोक! बोट जाईल एवढं, कडा आत वळलेल्या. आत डोकावला. विजेचं बिल मधोमध छेदलेलं. चौतीस वर्षं या पेट्यांना काठी मारणाऱ्या पोरांची नावं त्यानं पोलिसांत दिली होती! पण आता पेटीचं दुःख करायला वेळ नव्हता. पेटीला लागली, घंटेला लागली. तिसरी? तिसरी कुणाला लागली?

"लॉवेल, थांब!" मागून ड्वाइट धापा टाकत ओरडत होता. "उगाच काही... कुणाला काही झालं नसेल!"

लॉवेल ओढ्यावरच्या पुलावर आला आणि त्यानं चर्चच्या अंगणात पाहिलं.

अंगणात रुग्णवाहिका उभी होती! मागचं दार सताड उघडं. माणसं इकडून तिकडे धावत होती. गवतावर, ठिकठिकाणी, माणसं आडवी पडली होती. एक दोन नाही, सहा-सात!

"तीन गोळ्यांत सात!" लॉवेल पुलाच्या कठड्याला धरून म्हणाला. त्याला वाटलं, आपण इथेच ओढ्यात उडी टाकावी. पण ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. तो पुढे पळाला.

जिन्याच्या पायथ्याशी, राखाडी घोंगडीवर, निळा कोट. आर्लीनचा कोट. आणि आर्लीन! डोळे मिटलेले, तोंड पांढरंफटक, कपाळापासून मानेपर्यंत लालभडक!

लॉवेल तिच्याशेजारी गुडघ्यांवर कोसळला. तिच्या गळ्यात दोऱ्यानं एक पुठ्ठा अडकवला होता. आयुष्यभर पत्ते वाचलेल्या त्याच्या डोळ्यांनी तो आपोआप वाचला: अनोळखी स्त्री, वय साठ, डोक्याला गंभीर इजा.

"अनोळखी?" लॉवेल गरजला. "अरे अनोळखी काय! माझी बायको आहे ही! अडतीस वर्षं माझी बायको आहे!"

दोन स्वयंसेवक लगेच त्याच्या दोन्ही बाजूंना आले. दोघांनी त्याच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला.

"साहेब, आम्ही तुमचं दुःख समजू शकतो," पहिला म्हणाला.

"साहेब, तुम्ही खोल श्वास घ्या," दुसरा म्हणाला, आणि हळूच पहिल्याच्या कानात पुटपुटला, "काय काम करतोय! खरे अश्रू!"

तर झालं होतं असं, की त्या शनिवारी आमच्या अग्निशमन दलाची प्रथमोपचाराची सहामाही कवायत होती. शिकवायला व्हर्ना केसलर, जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. बाई अशी कडक की तिच्या शिट्टीवर कुत्रीसुद्धा रांगेत बसायची! आर्लीन आणि आणखी सहाजण जखमी झाले होते, तोंडाला मैदा आणि कपाळाला साखरेच्या पाकातला लाल रंग फासून. व्हर्नाबाईंनी सकाळीच ताकीद दिली होती: "अकरा वाजता पास्टर घंटा वाजवतील. घंटा झाली की कवायत सुरू. शिट्टी वाजेपर्यंत बेशुद्धांनी पापणीसुद्धा हलवायची नाही! आणि मदत करणाऱ्यांनो, ध्यानात ठेवा, खऱ्या अपघातात नातेवाईक येऊन गोंधळ घालतात. त्यांना कसं सांभाळता तेही मी बघणार आहे!"

आणि घंटा झाली. अकराला दहा मिनिटं कमी असतानाच झाली, पण झाली! शिकारीच्या दिवसांत दूरवर आठ बार ऐकू आले, तर आमच्याकडे कुणी मानही वळवत नाही. कवायत सुरू झाली. मग धावत, रडत, चिखलानं माखलेला लॉवेल आला, आणि सगळ्यांना वाटलं, व्हर्नाबाईंनी नातेवाईकसुद्धा किती झकास आणलाय! व्हर्नाबाईंना वाटलं, हे आर्लीननं जमवलंय. त्यांनी वहीत शाबासकी लिहिली.

"मी मारलं हिला!" लॉवेल छाती पिटत होता. "मी! या हातांनी!"

"असं वाटणं स्वाभाविक आहे, साहेब," पहिला स्वयंसेवक म्हणाला. "अपघातानंतर माणूस स्वतःला दोष देतो."

"अरे दोष कसला! गोळी घातली मी!"

"बस उलटलीय, साहेब," दुसरा समजावणीच्या सुरात म्हणाला. "गोळी आपल्या अपघातात नाहीये."

इकडे आर्लीन. तिनं पुढे आम्हाला सांगितलं की नवऱ्याचा आवाज ऐकताच ती उठणारच होती. शिट्टी गेली खड्ड्यात, असं तिनं ठरवलंही होतं. पण लॉवेलनं तिचा हात आपल्या गालाला लावला आणि तो अशा आवाजात बोलायला लागला, जो तिनं लग्नानंतर ऐकला नव्हता.

"आर्लीन, तुझ्याशिवाय मला घरात मिठाची बाटलीसुद्धा सापडत नाही गं! मी तुला कधी काही सांगितलं नाही. रोज फेरीवर निघालो की पुलावर गाडी थांबवून मागे वळून बघायचो, तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो का म्हणून. चौतीस वर्षं!"

तेव्हा ती विरघळली, आणि डोळे उघडणार एवढ्यात पुढचं वाक्य आलं.

"आणि मी कानाच्या डॉक्टरकडे गेलोच नाही! ते पैसे मी पिस्तुलात घातले!"

आर्लीननं डोळे उघडायचं रहित केलं. म्हटलं, अजून काय काय आहे बघू!

"टोस्ट जळला नव्हता, आर्लीन! मी तुझ्या ओव्हनमध्ये पिस्तूल भाजलं! चाळीस वर्षांचं ग्रीस तुझ्या बिस्किटांच्या ट्रेवर वितळवलं! आणि तू त्यातच भोपळ्याचे पाय केलेस, तरी मी गप्प बसलो!"

आता जिन्याजवळच्या टेबलाशी डेप्युटी टॅकेट उभा होता, शेरिफच्या म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या कचेरीतला. तो कवायतीला आला होता खरा, पण त्याचं मुख्य लक्ष टेबलावरच्या आर्लीनच्या भोपळ्याच्या 'पाय'कडे होतं आणि तिसरा तुकडा तोंडात होता. त्याचं चघळणं थांबलं. त्याच्या शेजारच्या चार जणांचंही थांबलं. एकजण रुमालात काहीतरी ठेवताना दिसला.

"तरीच म्हटलं," डेप्युटी हळूच म्हणाला, "दालचिनी जरा वेगळी लागतेय."

तेवढ्यात चर्चचं दार उघडलं आणि पास्टर लुंड बाहेर आले. उंच, धिप्पाड माणूस, पण चेहरा बर्फासारखा पांढरा! जिन्याच्या वरच्या पायरीवर दोन्ही तळवे लोकांपुढे धरून ते उभे राहिले.

"मी दोरीला हात लावला नव्हता," ते म्हणाले. "मी फक्त उभा होतो. मी घड्याळ बघत होतो. आणि ती... ती आपोआप वाजली! पंचवीस वर्षं मी लोकांना चमत्कार सांगतोय, पण मला कुणी आधी सांगायला हवं होतं की एवढी भीती वाटते!"

"चमत्कार नाही, पास्टर!" फाटकातून ड्वाइट आत आला, शर्टवर कॉफी, छातीचा भाता झालेला. "दोनशे दहा डॉलरचं हंगेरियन पिस्तूल आहे! कुणाला लागलीय का? खरंच कुणाला लागलीय का?"

गवतावरचे बाकीचे सहाही जखमी एकदम उठून बसले! व्हर्नाबाई शिट्टी तोंडात धरून ती वाजवायलाच विसरल्या.

आणि आर्लीन उठून बसली. लाल पाक हनुवटीवरून टपटपत होता.

लॉवेलनं जी किंकाळी फोडली ती ओपल गिंथरबाईंना बंद खिडकीतून ऐकू गेली! तो मागे गवतावर पडला आणि खरोखरीच बेशुद्ध झाला. मग मात्र अग्निशमन दलानं कमाल केली. आठजण एकदम धावले! एकानं पाय वर धरले, एकानं मान, एकानं नाडी, आणि राहिलेल्या पाचांनी उरलेला लॉवेल. त्या दिवशीच्या कवायतीत तेवढं एकच काम खरं होतं.

तो शुद्धीवर आला तेव्हा आर्लीन वर वाकून त्याच्या डाव्या कानात बोलत होती.

"मेलेली नाही मी. साखरेचा पाक आहे."

लॉवेलनं तिच्या गालाला बोट लावलं, मग ते बोट चाखलं. मग तो रडायला लागला, आणि या वेळी त्याला श्वास घ्यायला कुणी सांगितलं नाही.

"ओव्हन," आर्लीन म्हणाली, "तू घासणार आहेस. दातांच्या ब्रशनं. तुझ्या स्वतःच्या."

डेप्युटी टॅकेटनं दुपारभर चौकशी केली. पाच गोळ्या बांधात मिळाल्या. एक टपालपेटीत शिरून पलीकडे कुंपणाच्या खांबात रुतली होती. एक घंटेला लागून मनोऱ्याच्या फळ्यांत पडली होती; घंटेला अंगठ्याएवढा खळगा पडला. शेवटची ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाच्या बुंध्यात सापडली, जमिनीपासून हातभर उंचीवर, रुग्णवाहिका उभी होती तिथून चाळीस पावलांवर. ती दाखवताना डेप्युटी हसला नाही. लॉवेलनं बुंध्यातल्या त्या भोकात बोट घातलं. मग ड्वाइटनंही. त्यानंतर ड्वाइटनं आपला बांध दुप्पट उंच केला, आणि तळघरात पाहुण्यांना नेणं बंद केलं. पिस्तूल लॉवेलनं आपण होऊन डेप्युटीच्या हातात दिलं. बंदूकदुरुस्त्यानं उघडलं तेव्हा आतली पिन ग्रीसमध्ये माशीसारखी चिकटलेली होती.

डेप्युटीनं शेरिफला कळवलं, शेरिफनं लॉवेलला बोलावून तासभर झाडलं. दंड झाला. गिंथरबाईंना नवी पेटी लॉवेलनं स्वतः बसवून दिली. पास्टर लुंड घंटेचा खळगा दुरुस्त करू देत नाहीत. लोक लांबून बघायला येतात, वर्गणी पडते.

राहिल्या व्हर्ना केसलर. त्यांनी लॉवेलला वेगळीच शिक्षा दिली: पुढची प्रत्येक कवायत, नातेवाईक म्हणून! "तीस वर्षांत असा नातेवाईक मला कुणी दिला नव्हता," त्या म्हणाल्या.

लॉवेल खूश झाला! त्यानं आठवडाभर न्हाणीघरात सराव केला. वसंतातल्या कवायतीला तो फाटकातून धावत आला, गुडघ्यांवर पडला, छाती बडवली, "माझी बायको! माझी बायको!" असं तीन वेळा ओरडला. एका स्वयंसेवकाला हसू आलं. दुसऱ्यानं जांभई दिली.

व्हर्नाबाईंनी वहीवर काट मारली. "नाटकी! मागच्या वेळची मजा नाही. ड्वाइट, आता तू नातेवाईक. ट्राउटमन, तू आडवा हो. प्रेत!"

लॉवेल निमूट गवतावर आडवा झाला. या खेपेला जखमींची वर्गवारी करून गळ्यात पुठ्ठे अडकवायचं काम आर्लीनकडे होतं. ती आली, वाकली, त्याच्याकडे एक नजर टाकली आणि काळा पुठ्ठा गळ्यात घातला. म्हणजे गेलेला, याच्यावर वेळ घालवू नये.

"आर्लीन!" लॉवेल कुजबुजला. "अगं, निदान नाडी तरी बघ!"

"प्रेतं बोलत नाहीत," आर्लीन म्हणाली, आणि पुढच्या जखमीकडे गेली.